तीन प्लगांची गाडी, चार प्लगांचे बिल

आमच्या भावकीतले एक आप्पा आहेत. त्यांच्या दारात १९९७ सालची मारुती ८०० उभी असते. वाडीवर मोटारसायकली आता घरटी एक झाल्या, पण वर छप्पर असलेली गाडी तेवढी एकच. त्यामुळे ती नावाला आप्पांची. बाळंतीण न्यायची असो, म्हाताऱ्या माणसाचे डोळे तपासायचे असोत की पोरांना परीक्षेला सोडायचे असो, सगळी वाडी आप्पांच्या दारात येते. आप्पाही नाही म्हणत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात ही गाडी मिसिंग मारू लागली. चालता चालता झटके द्यायची, चढाला दम सोडायची, उभी राहिली की सगळी थरथरायची. आप्पांनी ती तालुक्याच्या एका गॅरेजात नेली. तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या वेळी प्लग बदलले, दुसऱ्या वेळी कार्बोरेटर खोलून त्याचे किट टाकले, तिसऱ्या वेळी पेट्रोल पंप आणि कॉइल. सगळे मिळून सहा हजार चारशे रुपये गेले. गाडी मात्र होती तशीच.

ते बिल आप्पांनी मला दाखवले. त्यात लिहिले होते, 'स्पार्क प्लग, नग चार.' मी विचारले, "आप्पा, तुमच्या गाडीला सिलिंडर किती?"

"मला काय ठाऊक? चाकं चार आहेत, म्हंजी चारच असतील की."

मारुती ८०० चे इंजिन ७९६ सी.सी. चे, तीन सिलिंडरचे. तीन सिलिंडर म्हणजे तीन प्लग. मग चौथा बसवला कुठे? गॅरेजवाल्याला विचारले तर म्हणाला, तो स्पेअर दिला. तो स्पेअर काही आप्पांच्या घरात कोणी पाहिला नाही.

एका प्लगाचे पैसे गेले म्हणून मी हे लिहीत नाही. दुखणे नेमके कशात आहे हे न बघता सामान बदलत सुटायची आपल्याकडे जी रीत पडली आहे, तिच्याबद्दल लिहायचे आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे आपले म्हातारे म्हणायचे. ते गाड्यांना लागू आहे, मोटार-पंपांना लागू आहे आणि पिकालाही लागू आहे.

त्या रात्री घाटात

तिसऱ्या दुरुस्तीनंतर दहाएक दिवसांनी आप्पांच्या धाकट्या नातवाला रात्री गोठ्यात साप चावला. पाऊस लागून राहिलेला. १०८ ला फोन लावला, पण वाडीपर्यंत गाडी यायला वेळ लागणार होता. आप्पांच्या मुलाने पोराला मारुतीत घातले आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता धरला. घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडीने मान टाकली. पहिल्या गिअरमध्येही वर चढेना. मागून दुधाचा टेम्पो आला म्हणून निभावले. टेम्पोत पोराला घेऊन ते दवाखान्यात पोचले, लस टोचली गेली आणि पोरगे वाचले. टेम्पो आला नसता तर काय, हा विचार त्या घरात आजही कोणी तोंडाने बोलत नाही.

म्हणून गाडीचे मिसिंग ही हौशी माणसाची तक्रार समजू नये. ज्या वाडीला एकच गाडी आहे तिथे ती जिवाची गोष्ट आहे.

मिसिंग म्हणजे काय

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते, प्लगाची ठिणगी पडते, ते जळते आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण नऊशे फेरे घेते. दर दोन फेऱ्यांना एकदा एका सिलिंडरात जाळ होतो, म्हणजे एका सिलिंडराला मिनिटाला साडेचारशे वेळा पेटायचे असते. त्यातले काही वेळा किंवा सगळ्याच वेळा पेटणे चुकले, की त्याला आपण मिसिंग म्हणतो. चार सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर बसला तर चौथाई ताकद जाते. आपल्या या लहान गाडीत तिसरा हिस्सा जातो. घाटात ती मान का टाकते ते यावरून समजावे.

पेटायला तीन गोष्टी लागतात: वेळेवर पडणारी जोरदार ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, आणि सिलिंडरातला दाब. चूल पेटत नसेल तर आपण काडी ओली आहे का, लाकूड ओले आहे का, वारा लागतो का, असे एकेक पाहतो. इंजिनाचेही तसेच. चौथे कारण शोधायला जायची गरज सहसा पडत नाही.

आधी प्रश्न, मग पाना

घाटातल्या त्या रात्रीनंतर आम्ही एस. टी. च्या आगारातून निवृत्त झालेल्या एका वयस्कर मिस्त्रींना बोलावले. त्यांनी पाव तास पान्याला हातच लावला नाही. नुसते विचारत राहिले. "मिसिंग सकाळी जास्त का दुपारी? गाडी धुतल्यावर वाढतं का? उभी असताना मारते का चढाला? हे कधी सुरू झालं, कोरड्यात का पाऊस पडल्यावर?"

आप्पा म्हणाले, "पहिल्या पावसापासनं. सकाळी लई. दुपारी ऊन पडलं की बरी चालती."

मिस्त्री म्हणाले, "मग अर्धं काम झालं."

आणि खरेच झाले होते. कारण प्रत्येक दुखण्याची वेळ ठरलेली असते. ओलाव्यात वाढते आणि उन्हात कमी होते ते दुखणे बहुधा ठिणगीच्या वाटेवरचे: वायर, डिस्ट्रिब्युटरची टोपी, रोटर. गाडी उभी असताना थरथरते आणि वेग घेतल्यावर बरी वाटते, तिथे कुठून तरी जादा हवा शिरत असावी. व्हॅक्यूमची रबरी नळी चिरलेली किंवा कार्बोरेटरखालचे गॅस्केट गेलेले. सपाटीला बरी पण चढाला किंवा जोर दिल्यावर मारते, तर पेट्रोल कमी पडत असेल किंवा प्लग-वायर दमले असतील. इंजिन तापल्यावरच मारते, तर कॉइल पाहावी, आणि टॅपेट फार घट्ट बसले आहेत का तेही पाहावे. यातले एकही अनुमान पक्के नव्हे, पण कुठून सुरुवात करायची हे कळते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की गॅरेजात जाण्यापूर्वी आठ दिवस एका कागदावर लिहून ठेवा. कधी मारते, कुठे मारते, किती वेळ मारते. डॉक्टरकडे जाताना आपण ताप कधी येतो ते सांगतोच ना?

तीन भावांतला आळशी कोणता?

दुसरी पायरी, कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधणे. त्याची जुनी आणि साधी रीत आहे. इंजिन बंद करून एका प्लगाची वायर काढायची, त्या वायरीच्या टोपीत एक जुना प्लग बसवून तो इंजिनाच्या उघड्या लोखंडाला नीट टेकवून ठेवायचा आणि इंजिन सुरू करायचे. आवाज आणखी पडला, थरथर वाढली, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर आळशी भाऊ तोच. असे तिन्ही पाहायचे. या वायरीत हजारो व्होल्ट असतात. चालू इंजिनात वायरीला हात लावू नये, काळजाचा आजार असलेल्याने तर जवळही उभे राहू नये. पेट्रोल कुठे गळत असेल तर हा प्रयोग करूच नये. इंजेक्शनच्या, म्हणजे एम.पी.एफ.आय. गाडीवरही करू नये. त्यात न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते.

आळशी सिलिंडर सापडला की अदलाबदल करायची. त्याचा प्लग शेजारच्याला आणि शेजारच्याचा त्याला. मिसिंग प्लगाबरोबर शेजारी गेले, तर दोष प्लगाचा. तिथेच राहिले, तर प्लग निर्दोष. मग वायर बदलून पाहायची. या अदलाबदलीला एक रुपया लागत नाही. नवे सामान आणण्यापूर्वी जुन्याचीच साक्ष घ्यायची, हा सगळ्या तपासणीचा गाभा आहे.

काढलेला प्लगही बोलतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर निरोगी. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते, एअर फिल्टर आणि चोक पाहावा. तेलाने ओला आणि काळा असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले गेली. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडते किंवा सिलिंडर फार तापतो. पेट्रोलनेच ओला असेल तर ठिणगी पडतच नाही. नवा प्लग बसवताना त्याची फट पुस्तिकेप्रमाणे, साधारण पाऊण मिलिमीटर, मापून घ्यावी. ती न मापता बसवलेला नवा प्लगही मिसिंग मारू शकतो.

आमच्या मिस्त्रींनी मग एक गंमत दाखवली. दिवस मावळू दिला, अंगणातला दिवा घालवला, बॉनेट उघडून इंजिन सुरू केले आणि वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला. अंधारात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर निळी ठिणगी सापासारखी सरपटताना आम्ही सगळ्यांनी पाहिली. टोपीला केसासारखी चीर होती. ओलावा धरला की वीज प्लगापर्यंत न जाता त्या चिरेतून बाहेर पळत होती. टोपी आणि वायरींचा संच मिळून हजार रुपयांच्या आत काम झाले. गाडी घाट चढली.

असे झाले नसते तर शेवटची पायरी दाबाची होती. कॉम्प्रेशन गेज लावून तिन्ही सिलिंडरांचा दाब मोजायचा. शेजारशेजारचे दोन एकदम कमी दाखवले, तर त्यांच्या मधले हेड गॅस्केट गेले असावे. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, वाढला नाही तर व्हॉल्व्ह. एवढे कळल्याशिवाय हेड उतरवू देऊ नये. आणि मिसिंग मारणारी गाडी 'चालतेय तोवर चालवू' म्हणून दामटूही नये. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते आणि चांगले इंजिन झिजवते. आज हजाराचे काम उद्या बोअरचे होते.

आपल्याच उसाचे इथेनॉल

इथे एक नवी गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात ऊस पिकतो, कारखाने इथेनॉल काढतात आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल देशात २०२३ पासून येऊ लागले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने सांगितले. इथेनॉलला मागणी आली म्हणजे कारखान्याला पैसा आला, आणि तो आपल्या उसाच्या बिलात उतरावा ही आपली रास्त अपेक्षा. मी त्याच्या विरोधात नाही.

पण जुन्या गाडीचा मालकही आपणच आहोत. १९९७ च्या कार्बोरेटरची जेट साध्या पेट्रोलच्या मापाने पाडलेली असतात. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला ते जास्त द्यावे लागते. नव्या गाडीतला संगणक ते प्रमाण बऱ्याच अंशी सांभाळून घेतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, आणि मिश्रण पातळ पडते. मग जोर देताना गाडी अडखळते. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व वायसर फुगवते, चिरवते. टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरात आणि जेटमध्ये अडकू शकतो. सरकारच्याच २०२१ च्या आराखड्यात, ज्या चारचाकी गाड्या साध्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्के इथेनॉलसाठी जुळवल्या आहेत, त्यांचे एव्हरेज २० टक्क्यांच्या पेट्रोलवर सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिलेला आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्या घालून घ्या, फिल्टर वेळेवर बदला, पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नका. मात्र प्रत्येक मिसिंगचे खापर इथेनॉलवर फोडू नका. आप्पांच्या गॅरेजवाल्याने तेही करून पाहिले होते. "पेट्रोलच असलं येतंय, आम्ही काय करणार," हे वाक्य फार सोयीचे झाले आहे. दोष पेट्रोलचा असेल तर तो तिन्ही सिलिंडरांना सारखा भोवेल. एकाच सिलिंडरचे मिसिंग बहुधा पेट्रोलमुळे नसते. एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

चूक एकट्या गॅरेजवाल्याची नाही

आता कडू बोलतो. मिस्त्रींनी जाताना तपासणीचे दोनशे रुपये सांगितले. आप्पांनी दिले, पण पाठ फिरल्यावर म्हणाले, "नुसतं बघितल्याचं दोनशे?" सहा हजार चारशे रुपये सामानाला देताना ज्यांनी हूं की चूं केले नाही, त्यांना दोनशे रुपये अकलेला देताना जड गेले!

हीच आपली खोड आहे. आपण हाताला धरता येईल अशा वस्तूचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. मग फिटरने पोट कशावर भरायचे? तो तासभर तपासत बसला तर आपण म्हणतो, वेळ काढतोय. म्हणून तो सामान बदलतो आणि त्यावर चार पैसे मिळवतो. एक बदलून नाही भागले तर दुसरे. ही रीत त्याला आपणच लावली आहे.

पिकाचेही असेच नाही का? कपाशीचे पान लाल पडले, सोयाबीन पिवळे पडले, की आपण एक पान तोडून खताच्या दुकानात जातो. सल्ला फुकट मिळतो, आणि त्याबरोबर तीन बाटल्या. एक बुरशीची, एक किडीची, एक टॉनिकची. कुठली तरी लागू पडेल! पान कशाने पिवळे पडले, पाणी साचल्याने, लोह कमी पडल्याने की मुळाशी किडीने, हे बघायला बांधावर कोणी येत नाही, कारण त्याचे पैसे आपण देत नाही. फुकटचा सल्ला शेवटी बाटलीच्या किमतीत वसूल होतो.

काय करावे

गाडीवाल्यांनी तीन गोष्टी कराव्यात. तपासणीचे पैसे वेगळे ठरवावेत आणि आनंदाने द्यावेत. कोणता भाग बदलायचा आणि का, हे आधी विचारावे. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा. आपल्या गाडीला किती सिलिंडर आहेत हे माहीत नसणे यात लाज नाही, पण ते विचारून न घेणे ही हयगय आहे.

ज्यांच्याकडे नव्या इंजेक्शनच्या गाड्या आहेत त्यांनी वेगळ्या भ्रमात राहू नये. स्कॅनर लावला की पी ०३०१, पी ०३०२ असे कोड दिसतात. शेवटचा आकडा सिलिंडरचा. म्हणजे आळशी भाऊ कोणता ते यंत्र सांगते. तो आळशी का झाला, ते माणसालाच शोधावे लागते. कोड दिसला म्हणून लगेच कॉइल बदला म्हणणारा आणि आप्पांचा गॅरेजवाला यांत फरक नाही.

ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना आणि सरपंचांना एक विनंती. घंटागाडीची आणि पाणीपुरवठ्याच्या पंपाची दुरुस्तीची बिले तुमच्या टेबलावर येतात. लॉगबुकात तीन ओळी सक्तीच्या करा: तक्रार काय होती, तपासणीत काय आढळले, काय बदलले. मधली ओळ कोरी असेल तर बिल थांबवा. जुने भाग पंचायतीत जमा झाल्याशिवाय पैसे देऊ नका. यासाठी कुठल्या नव्या योजनेची वाट पाहायची गरज नाही.

आणि तालुक्याच्या आय. टी. आय. मध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग असेल, तर त्यांचे निदेशक आणि मुले यांना मृगाच्या आधी एक दिवस गावात बोलवा. पावसाळ्यापूर्वी आपण गुरांना घटसर्पाची लस टोचून घेतो, तशी गावातल्या जुन्या गाड्यांची तपासणी करून घ्या. वायरी, टोपी, नळ्या, ब्रेक, वायपर. मुलांना हातावर काम मिळेल आणि गावाला गाडीचा भरवसा मिळेल. मुलांना नाश्ता आणि निदेशकांना मानधन द्या, म्हणजे पुन्हा फुकटच्या सल्ल्याची गोष्ट होणार नाही.

आप्पांनी पुढे त्या मिस्त्रींना दिवाळीला घरी बोलावले, फराळ दिला आणि गाडी पुन्हा एकदा तपासून घेतली. या वेळी पैसे त्यांनी स्वतःहून काढून दिले. नातू शेजारी उभा होता. त्याने विचारले, "आजोबा, काही बिघडलंच नाही तर पैसे कशाचे?"

आप्पा म्हणाले, "बिघडलं नाही हे कळल्याचे."

शेतकरी बंधूंनो, एवढे जरी आपल्याला पटले तरी पुढच्या पावसाळ्यात घाटात उभ्या राहणाऱ्या गाड्या थोड्या कमी होतील.